ॲलन ट्युरिंग कोण होते? गुपित राखणाऱ्यालाच कुंपण का घालावं लागतं?

तुमच्या हातातला फोन ॲन्ड्रॉइड असेल, तर त्यात एक पहारेकरी बसलेला आहे. त्याचं नाव एसईलिनक्स. एखाद्या ॲपला कॅमेऱ्याची किंवा कॉन्टॅक्ट्सची परवानगी तुम्ही देता, ती गोष्ट वेगळी. हा पहारेकरी तुम्हाला काहीच विचारत नाही. कोणत्या प्रोग्रॅमने फोनमधल्या कोणत्या भागाला हात लावायचा, याची यादी त्याच्याकडे आधीच लिहिलेली असते. यादीबाहेरची मागणी आली की तो ती नाकारतो. मागणारा प्रोग्रॅम फोन बनवणाऱ्या कंपनीचाच असला तरीही.

या पद्धतीला मॅन्डेटरी ॲक्सेस कंट्रोल म्हणतात. मराठीत सांगायचं तर सक्तीचा प्रवेश-नियम. इंटरनेटवर आपली ओळख आणि ठिकाण लपवण्यासाठी जगभरातले लाखो लोक टॉर ही सेवा वापरतात. त्या टॉरलाही अनेक सर्व्हरवर अशाच कुंपणात ठेवलं जातं.

ऐकायला हे विचित्र वाटतं. जी सेवा आपलं गुपित राखते, तिच्याभोवतीच पहारा कशासाठी?

याचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडतं. ॲलन ट्युरिंग १९५४ मध्ये गेले. तेव्हा इंटरनेट नव्हतं, लिनक्स नव्हतं, टॉर तर नव्हतंच. पण एखादा प्रोग्रॅम पुढे काय करेल हे नेहमीच आधी का सांगता येत नाही, याचं गणित त्यांनी मांडलं. प्रत्येक माणूस कुंपणात असलेल्या एका जागेत त्यांनी युद्धाची वर्षं काढली. आणि शेवटी तेच कुंपण त्यांच्यावर उलटलं.

आई-वडील मद्रास इलाख्यात, मुलगा इंग्लंडमध्ये

ट्युरिंग यांचे वडील ज्युलियस हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये अधिकारी होते. त्यांची नोकरी तेव्हाच्या मद्रास इलाख्यात होती. आता ओडिशात असलेलं छत्रपूर हे त्यांच्या नेमणुकीचं एक ठिकाण. आई एथेल सारा यांचं माहेरही भारताशी जोडलेलं. त्यांचे वडील मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता होते.

ॲलनचा जन्म मात्र लंडनमधला, २३ जून १९१२ चा. भारतातली हवा मुलांना मानवणार नाही, असं तेव्हाच्या इंग्रज कुटुंबांना वाटायचं. त्यामुळे ॲलन आणि थोरला भाऊ जॉन यांना इंग्लंडच्या किनाऱ्यावर एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरी ठेवलं गेलं. आई-वडील भारतात ये-जा करत राहिले.

१९२६ मध्ये १३ वर्षांचा ॲलन शेरबोर्न शाळेत दाखल व्हायला निघाला, त्याच वेळी ब्रिटनमध्ये सार्वत्रिक संप सुरू झाला. रेल्वे बंद. मुलाने साउथॅम्प्टनहून सायकल काढली, वाटेत एका खानावळीत रात्र काढली आणि जवळपास ९७ किलोमीटर अंतर कापून शाळा गाठली.

शाळेत त्याला ख्रिस्तोफर मॉरकॉम हा मित्र भेटला. दोघांनाही गणिताचं आणि आकाशातल्या ताऱ्यांचं वेड. १३ फेब्रुवारी १९३० ला ख्रिस्तोफर क्षयरोगाने गेला. हा धक्का ॲलनच्या मनातून कधीच गेला नाही. माणसाचं मन आणि शरीर यांचं नातं काय, यंत्राला विचार करता येईल का, या प्रश्नांकडे ते पुढे आयुष्यभर परत येत राहिले.

१९३६ : प्रोग्रॅम पुढे काय करेल, हे आधी कळतं का?

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये शिकून ट्युरिंग वयाच्या २२ व्या वर्षी तिथेच फेलो झाले. १९३६ मध्ये त्यांनी एक शोधनिबंध लिहिला. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन हा विषय ज्यांनी घेतला असेल, त्यांनी ट्युरिंग मशिन शिकलेलं असतं. ते याच निबंधातलं.

कल्पना साधी आहे. एक लांबलचक पट्टी, तिच्यावर चौकोन, प्रत्येक चौकोनात एक चिन्ह. यंत्र एका वेळी एक चौकोन वाचतं, ठरलेल्या नियमानुसार चिन्ह बदलतं आणि पुढे किंवा मागे सरकतं. एवढंच. पण आकडेमोडीच्या ठरलेल्या पायऱ्यांनी जे काही करता येतं, ते हे यंत्र करू शकतं.

यानंतर ट्युरिंग यांनी एक प्रश्न विचारला. कोणतंही यंत्र समोर ठेवलं, तर ते कधीतरी अमुक चिन्ह छापेल की नाही, हे आधीच सांगणारी एखादी पद्धत असू शकते का? त्यांनी सिद्ध केलं की सगळ्या यंत्रांना लागू पडेल अशी पद्धत असूच शकत नाही.

आजच्या भाषेत याचा अर्थ असा. कोणताही प्रोग्रॅम दिला तर तो कधीतरी तुमची अमुक फाइल उघडेल का, हे शंभर टक्के खात्रीने सांगणारा तपासनीस बनवता येत नाही. अनेक प्रोग्रॅमबद्दल सांगता येतं, सगळ्यांबद्दल नाही. अँटिव्हायरस कितीही हुशार असला तरी काहीतरी निसटतं, यामागचं मूळ कारण इथे आहे.

मग उपाय काय? प्रोग्रॅमच्या पोटात काय आहे हे ओळखण्यावर सगळी भिस्त ठेवायची नाही. तो दारापर्यंत येईल तेव्हा दारावरच अडवायचं. प्रत्येक मागणी यादीशी ताडून बघायची. कुंपणाची गरज इथून सुरू होते.

ब्लेचली पार्कमधल्या बराकी

निबंधानंतर दोन वर्षं ट्युरिंग अमेरिकेत प्रिन्स्टनला होते. १९३८ मध्ये पीएच.डी. घेऊन परतले आणि ब्रिटिश सरकारच्या सांकेतिक संदेश विभागासाठी अर्धवेळ काम करू लागले. ३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. दुसऱ्या दिवशी ट्युरिंग ब्लेचली पार्कमध्ये हजर झाले.

समोर होतं एनिग्मा. टाइपरायटरसारखं दिसणारं जर्मन यंत्र. एक अक्षर दाबलं की दुसरंच अक्षर उजळायचं आणि प्रत्येक वेळी आतली चाकं फिरल्यामुळे अदलाबदल बदलायची. जर्मन लष्कराच्या एनिग्माची रोजची जुळणी किती प्रकारे करता येत होती? साधारण १५९ च्या पुढे १८ शून्यं. मध्यरात्री जुळणी बदलली की आदल्या दिवसाची मेहनत दुसऱ्या दिवशी कामाची नाही.

याला पहिली भेग पोलंडच्या गणितज्ञांनी पाडली होती. मारियन रेयेव्स्की आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकात एनिग्मा वाचून दाखवलं. जुलै १९३९ मध्ये, युद्धाच्या तोंडावर, पोलंडने ही सगळी माहिती ब्रिटन आणि फ्रान्सला दिली. त्या पायावर ट्युरिंग यांनी बॉम्ब नावाच्या शोधयंत्राचा आराखडा केला. गॉर्डन वेल्चमन यांनी त्यात महत्त्वाची सुधारणा केली. पहिलं यंत्र मार्च १९४० मध्ये बसवलं गेलं. युद्ध संपेपर्यंत अशी २०० हून अधिक यंत्रं झाली.

जर्मन नौदलाचं एनिग्मा सगळ्यात अवघड मानलं जात होतं. ते ट्युरिंग यांनी स्वतःकडे घेतलं. बराक क्रमांक ८ त्यांच्या हाताखाली होती. समुद्रात पकडलेल्या जर्मन जहाजांवरची कागदपत्रं हाती आल्यावर १९४१ मध्ये नौदलाचे संदेश वाचले जाऊ लागले. पाणबुड्या कुठे दबा धरून आहेत हे कळलं, की अटलांटिकमधून धान्य आणि दारूगोळा आणणारे जहाजांचे ताफे दुसरीकडून वळवता येत होते.

माणूस म्हणून ट्युरिंग चारचौघांपेक्षा वेगळे. परागकणांचा त्रास व्हायचा म्हणून गॅस मास्क लावून सायकल चालवायचे. चहाचा मग कुणी नेऊ नये म्हणून रेडिएटरला साखळीने बांधून ठेवायचे. सहकारी जोन क्लार्क यांच्याशी १९४१ मध्ये त्यांचा साखरपुडा झाला. आपल्याला पुरुषांचं आकर्षण आहे हे त्यांनी जोन यांना सांगून टाकलं आणि काही महिन्यांनी लग्नाचा विचार सोडला. मैत्री मात्र टिकली.

झाडूचा दांडा आणि लाकडी बोगदा

युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात ब्लेचलीत आणि तिच्या शाखांत नऊ-दहा हजार माणसं कामाला होती. त्यांतल्या बहुसंख्य स्त्रिया. तरीही गुपित बाहेर गेलं नाही. कसं?

प्रत्येकाला आपल्या कामापुरतंच माहीत होतं. बराक ६ मध्ये जर्मन भूदल आणि हवाई दलाचे संदेश उलगडले जायचे. त्यांचा अर्थ लावायचं काम शेजारच्या बराक ३ चं. दोन्हींच्या मध्ये एक छोटा लाकडी बोगदा होता. कागद ट्रेमध्ये ठेवायचे आणि झाडूच्या दांड्याने पलीकडे ढकलायचे. या बराकीतल्या माणसाने त्या बराकीत जाऊन बसायची गरजच नव्हती. नौदलाच्या बाजूला हीच वाटणी बराक ८ आणि बराक ४ मध्ये होती. बॉम्ब यंत्रं चालवणाऱ्या नौदलाच्या मुलींनाही आपल्या यंत्रातून निघालेल्या उत्तराचं पुढे काय होतं, याची फारशी कल्पना दिली जात नव्हती.

हा नियम हुद्द्याने वाकत नव्हता. नोव्हेंबर १९४२ मध्ये ट्युरिंग अमेरिकेला गेले. तिथल्या बेल लॅब्जमध्ये आवाज सांकेतिक करून पाठवणारी यंत्रणा तयार होत होती आणि ती त्यांना पाहायची होती. ब्रिटनच्या गुपितांमधला एवढा मोठा माणूस, तरीही अमेरिकी लष्कराची स्वतंत्र परवानगी येईपर्यंत त्यांना थांबावं लागलं.

कॉम्प्युटरच्या जगात हाच विचार १९७० च्या दशकात आला. अमेरिकी हवाई दलासाठी काम करताना डेव्हिड बेल आणि लेनर्ड लापाड्युला यांनी १९७३ मध्ये तो गणिती नियमांत बसवला. ब्लेचलीतून तो थेट उचलला असं म्हणता येणार नाही, पण धागा एकच आहे. गुपित कुणाला द्यायचं हे गुपित हातात असलेल्या माणसाच्या मर्जीवर सोडायचं नाही.

फरक समजायला बँकेचं लॉकर आठवा. घराची किल्ली तुम्ही हवी त्याला देऊ शकता. कॉम्प्युटरमधली साधी परवानगी अशीच असते, फाइलचा मालक ठरवतो. लॉकरला मात्र दोन किल्ल्या लागतात, एक तुमची आणि एक बँकेची. सक्तीचा नियम ही बँकेची किल्ली. साधी परवानगी असली तरी नियमावलीची किल्ली लागली नाही, तर दार उघडत नाही.

मजकूर न वाचताही खूप काही कळतं

ब्लेचलीचा आणखी एक धडा टॉरशी थेट जोडलेला आहे. संदेश उलगडला नाही तरी तो कुठून निघाला, कुणाला गेला, किती वाजता आणि किती लांबीचा होता, हे ऐकणाऱ्या केंद्रांना कळायचं. या नोंदी जुळवून जर्मन सैन्यात कोण कुणाच्या हाताखाली आहे, कुठे हालचाल वाढली आहे, याचं चित्र तयार व्हायचं. वेल्चमन यांनी हे काम पद्धतशीर उभं केलं.

आज आपले मेसेज कुलूपबंद असतात. पण तुम्ही रात्री अडीच वाजता कोणत्या वेबसाइटवर गेलात, हे वाटेत बसलेल्याला दिसू शकतं. एखाद्या पत्रकाराशी बोलणारा सरकारी कर्मचारी असो किंवा नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध मदत शोधणारी बाई असो, मजकूर नाही तरी एवढी नोंदही त्यांना महागात पडू शकते.

टॉर यावरचा उपाय आहे. त्याची मूळ कल्पना १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत पुढे आली. तुमचा संदेश साधारणपणे तीन सर्व्हरमधून उड्या मारत जातो. त्याला कांद्यासारखे थर असतात आणि प्रत्येक सर्व्हर आपला थर तेवढा सोलतो. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं, पण कुठे निघालात ते कळत नाही. शेवटच्याला कुठे ते कळतं, कोण ते कळत नाही. प्रत्येकाला आपल्या कामापुरतंच माहीत.

मग टॉरलाच कुंपण का?

कारण टॉर हाही शेवटी एक प्रोग्रॅमच आहे आणि प्रोग्रॅममध्ये चुका राहतात. टॉर सतत अनोळखी लोकांशी बोलत असतं. त्यात एखादी फट निघाली आणि कुणी त्यातून आत शिरलं, तर तो हल्लेखोर टॉरच्या नावाने सर्व्हरवर फिरू लागतो. जिथे टॉरला जाता येतं, तिथे त्यालाही जाता येतं.

म्हणून उबुंटू, डेबियनसारख्या लिनक्समध्ये ॲपआर्मर आणि फेडोरासारख्यांमध्ये एसईलिनक्स टॉरसाठी नियमावली लावतं. तिचा गाभा साधारण असा असतो :

- स्वतःची सेटिंगची फाइल वाचता येईल.
- स्वतःच्या ठरलेल्या फोल्डरमध्येच माहिती आणि नोंदी लिहिता येतील.
- नेटवर्कवर बोलता येईल.
- ठरवून दिलेले मोजके सहाय्यक प्रोग्रॅमच सुरू करता येतील.
- ज्याचा उल्लेख नाही, ते बंद.

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. वापरकर्त्याचे फोटो, पासवर्ड, ईमेल यांची नावं यादीत नाहीत, म्हणजे ती बंद. टॉरला उद्या सर्वाधिकार मिळाले तरी ती बंदच राहतात, कारण नियमावली लागू करणारा लिनक्सचा गाभा असतो. कुंपणातल्या प्रोग्रॅमला ती बदलता येत नाही.

कुंपण नसेल तर काय होतं, याचं एक खरं उदाहरण ऑगस्ट २०१३ मधलं आहे. टॉर ब्राउझर ज्या फायरफॉक्सवर उभा आहे, त्यातली एक जुनी फट वापरून काही वापरकर्त्यांचा खरा आयपी पत्ता टॉरला वळसा घालून थेट बाहेर पाठवला गेला. यामागे अमेरिकेची एफबीआय होती आणि ती लहान मुलांच्या लैंगिक शोषणाच्या साइट्सच्या मागावर होती. कांद्याचे थर तेव्हा कुणी फोडले नव्हते. ब्राउझरला टॉर सोडून दुसरीकडे बोलता येत होतं, एवढंच पुरलं. टेल्ससारख्या प्रणालीत म्हणूनच दोन्ही गोष्टी असतात. फायरवॉल टॉरबाहेरचा रस्ता बंद करते आणि ॲपआर्मर टॉर ब्राउझरला वापरकर्त्याच्या बाकी फाइलींपासून दूर ठेवतं. हे कुंपण गुन्हेगार आणि पत्रकार असा भेद करत नाही, हेही त्या प्रकरणातून दिसतं.

प्रत्यक्षात कुंपणाचा त्रासही होतो. कुणी टॉरचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवतं, साध्या परवानग्या नीट देतं, तरीही टॉर सुरू होत नाही. तासभर डोकं खाजवल्यावर कळतं की नियमावलीत जुनाच पत्ता आहे. अशा वेळी वैतागून पहारेकऱ्यालाच घरी पाठवायचा मोह होतो. खरं तर नकार कुठे मिळाला हे नोंदवहीत लिहिलेलं असतं आणि नियमावलीत एक ओळ वाढवली की काम होतं. नवीन नियमावली आधी नुसती निरीक्षणावर ठेवायची सोयही असते. त्यात पहारेकरी अडवत नाही, फक्त टिपून ठेवतो. सगळं ठीक दिसलं की मग सक्ती लागू करायची.

आणि कुंपणाची मर्यादा? नेटवर्कवर बोलणं हे टॉरचं कामच आहे, ते बंद करता येत नाही. हल्लेखोराने टॉरचा ताबा घेतला, तर टॉरला जे माहीत आहे ते तो बाहेर नेऊ शकतो. कुंपणामुळे गुपित कधीच फुटणार नाही, असं नसतं. फुटलं तर किती फुटेल, हे मात्र ते ठरवतं. गुपित राखणाऱ्याला जेवढं जास्त माहीत, तेवढी त्याच्याभोवती कुंपणाची गरज जास्त.

विजयानंतरचं मौन

युद्ध संपलं. ट्युरिंग यांना १९४६ मध्ये ओबीई हा सन्मान मिळाला. कशासाठी, हे उघडपणे सांगता येत नव्हतं. त्याच वर्षी त्यांनी लंडनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत प्रोग्रॅम साठवून चालणाऱ्या कॉम्प्युटरचा सविस्तर आराखडा मांडला. यंत्राचं नाव एस. हे यंत्र होऊ शकतं, याची खात्री त्यांना ब्लेचलीतल्या अनुभवातून होती. पण गोपनीयतेच्या कायद्यामुळे तो अनुभव नव्या सहकाऱ्यांसमोर ठेवता येत नव्हता. काम रेंगाळलं. १९४८ मध्ये ते मँचेस्टरला गेले. एसची छोटी आवृत्ती मे १९५० मध्ये चालू झाली, तेव्हा ते तिथे नव्हते.

मँचेस्टरमध्ये त्यांनी यंत्राला विचार करता येतो का, यावरचा १९५० चा प्रसिद्ध लेख लिहिला. प्राण्यांच्या अंगावर ठिपके आणि पट्टे कसे उमटतात याचं गणित मांडलं. १९५१ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. धावणं हा त्यांचा छंद होता आणि तोही कच्चा नव्हे. १९४७ मध्ये त्यांनी मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटांत पूर्ण केली होती.

१९५२ : तक्रार करायला गेले आणि आरोपी झाले

जानेवारी १९५२ मध्ये ट्युरिंग यांच्या घरी चोरी झाली. पोलिसांत तक्रार त्यांनीच दिली. चोर हा त्यांच्या १९ वर्षांच्या मित्राच्या ओळखीतला निघाला. चौकशीत या मित्राशी आपले संबंध असल्याचं ट्युरिंग यांनी काही न लपवता सांगितलं. पोलिसांनी चोरी बाजूला ठेवून तक्रारदारालाच आरोपी केलं.

पुरुषांमधले संबंध ब्रिटनमध्ये १८८५ च्या कायद्याने गुन्हा होता, चार भिंतींच्या आतले असले तरीही. ३१ मार्च १९५२ ला खटला उभा राहिला आणि ट्युरिंग यांनी आरोप मान्य केला. तुरुंग किंवा देखरेखीखाली सुटका, पण एका अटीवर. कामेच्छा मारण्यासाठी वर्षभर संप्रेरकांचे उपचार घ्यायचे. त्यांनी दुसरा पर्याय निवडला. शरीरावर त्याचे परिणाम झाले आणि छातीची वाढ झाली.

युद्धानंतरही ते सरकारच्या गुप्तसंदेश विभागाला सल्ला देत होते. खटल्यानंतर त्यांचा सुरक्षा-परवाना गेला आणि ते काम कायमचं बंद झालं. काळ संशयाचा होता. मे १९५१ मध्येच बर्जेस आणि मॅक्लीन हे दोन ब्रिटिश मुत्सद्दी देश सोडून पळाले होते आणि पुढे ते सोव्हिएत हेर असल्याचं स्पष्ट झालं. समलिंगी माणसाला धमकावून कुणीही गुपितं काढून घेईल, असं तेव्हाच्या सुरक्षा यंत्रणांना वाटत होतं.

पण या तर्कात एक खोट होती. धमकी कशाची देणार? तर हेच पोलिसांना सांगू, याची. म्हणजे ज्या कायद्यामुळे माणूस ब्लॅकमेलच्या कचाट्यात सापडू शकत होता, तो कायदा त्याच सरकारने ठेवला होता. आणि ट्युरिंग यांनी तर ते स्वतःच पोलिसांना सांगितलं होतं. त्यांच्याकडून काढून घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

७ जून १९५४ ला विल्म्सलो इथल्या घरी ट्युरिंग यांचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी घरकाम करणाऱ्या बाईंना ते मृतावस्थेत आढळले. वय ४१. कारण सायनाइड. चौकशीत आत्महत्येचा निष्कर्ष निघाला. घरी रसायनांचे प्रयोग करताना झालेला हा अपघात होता, असं आईला अखेरपर्यंत वाटत राहिलं आणि काही अभ्यासकही ती शक्यता मांडतात. शेजारी अर्धवट खाल्लेलं सफरचंद होतं, त्याची तपासणी मात्र झाली नाही.

माफी आली, पण कधी?

आईने १९५९ मध्ये मुलाचं चरित्र लिहिलं. त्यात ब्लेचलीतलं काम उलगडलेलं नाही, कारण ते आईलाही सांगितलेलं नव्हतं. १९७४ मध्ये युद्धातल्या संदेशफोडीवर पहिलं इंग्रजी पुस्तक सविस्तर आलं आणि मगच ब्लेचलीतल्या लोकांना घरच्यांशी त्याविषयी बोलायची वाट मोकळी होऊ लागली.

पुढचा क्रम असा :

- १९६७ : इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रौढ पुरुषांमधले खासगी संबंध गुन्हा राहिले नाहीत.
- २००९ : पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी सरकारतर्फे माफी मागितली.
- २०१३ : राणीने मरणोत्तर शिक्षामाफी दिली.
- २०१७ : याच कायद्यांखाली शिक्षा झालेल्या हजारो इतरांसाठीही माफीचा कायदा झाला.
- २०२१ : ट्युरिंग यांच्या जन्मदिनी, २३ जूनला, त्यांचं चित्र असलेली ५० पौंडांची नोट आली.

भारतातही ब्रिटिशांनीच १८६० च्या दंड संहितेत कलम ३७७ आणलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांमधले संमतीचे संबंध ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले.

यातून आपण काय घ्यायचं?

एसईलिनक्स अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने तयार करून २००० मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. टॉरचा जन्म नौदलाच्या प्रयोगशाळेतला. ट्युरिंग यांचं मोठं काम सरकारच्या गुप्त बराकीतलं. मजबूत भिंत कशी बांधायची हे सरकारांना नेहमीच माहीत होतं. ती कुणासाठी बांधायची, हे यंत्र ठरवत नाही. ब्लेचलीच्या नियमांनी देशाचं गुपित दशकानुदशकं राखलं. ते राखणाऱ्या माणसाच्या घराभोवती मात्र एकही भिंत नव्हती.

म्हणून कुंपणाबद्दल दोन प्रश्न विचारायची सवय हवी. पहिला तांत्रिक : हा प्रोग्रॅम फसला, तर त्याच्यासोबत माझं काय काय जाईल? दुसरा त्याहून जुना : ही यादी कुणी लिहिली आणि ती कुणाला वाचवते?

तुमच्या फोनमधली यादी गुगल आणि फोन कंपनीने लिहिलेली आहे. ॲन्ड्रॉइडमध्ये ती २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून पूर्ण सक्तीने लागू आहे. २०१५ मध्ये एका व्हिडिओ मेसेजवरून फोनचा ताबा घेता येईल अशी स्टेजफ्राइट नावाची फट सापडली. त्यानंतर फोनमधलं व्हिडिओ-ऑडिओचं काम एका मोठ्या प्रोग्रॅमकडून काढून अनेक छोट्या प्रोग्रॅममध्ये वाटलं गेलं आणि प्रत्येकाला वेगळं कुंपण मिळालं. आता एका कप्प्यात शिरलेल्याला शेजारचा कप्पा उघडा सापडत नाही. फोन रूट करताना, किंवा कुणाच्या सांगण्यावरून हा पहारा बंद करताना, आपण नेमकी हीच भिंत पाडत असतो.